उसनं पीस

अल ऐनच्या दवाखान्यात एक कपाट आहे,
त्यात औषधं नाहीत.
पसरट खण, खणांत गळलेली पिसं,
डाव्या पंखाची वेगळी, उजव्याची वेगळी,
शेपटीची मधली दोन वर्तमानपत्रात गुंडाळून.
कुणाचं कधी मोडेल, सांगता येत नाही.

मी ससाण्यांची पिसं जोडतो.
करारावर या कामाला लांबलचक नाव आहे.
आई वेंगुर्ल्यात सांगते,
"पाखरांचो शिंपी आसा तो थंय."

शाळा सुटली की तन्मयी
बाकावर पाय दुमडून बसते
आणि टॅबवर तेच लावते:
दाढ्यांना गाठी मारलेले वायकिंग,
शिशासारखा समुद्र, आणि ड्रॅगन.
आधी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर.
मग एक पोरगी हातातला सुरा
पाण्यात फेकून देते,
आणि तो नेमका कुठे पडला
हे ती आणि ड्रॅगन
दोघं वाकून बघतात.
"इथे, बाबा. इथून ते मित्र."
मी म्हणतो, हं.
मला कामात डोळ्याला डोळा देता येत नाही,
ससाण्याला तो हल्ला वाटतो.
मी कडेनं बघतो. तन्मयीकडेही,
सवयीनं.

मंगळवारी मुबारक खलफान रिमालला घेऊन आले.
सत्तरीचा माणूस, मनगटावर राणी,
डोळ्यांवर चामड्याचा बुरखा.
रिमालला स्वतःचा पासपोर्ट आहे,
विमानात स्वतःची खुर्ची.
मी मागच्या सुट्टीत कोचीवरून वळसा घालून गेलो,
तिकीट चार हजारांनी स्वस्त होतं.

उजव्या पंखाचं तिसरं पीस अर्ध्यात मोडलेलं.
पोकळ नळीत बांबूची काडी, काडीला गोंद,
त्यावर खणातलं पीस,
अशा एका मादीचं
जिचा मालक आता कुवेतला असतो.
फुंकर. पुन्हा फुंकर.
रंग थोडा फिका बसला.
"तिला कळेल का, हे आपलं नाही?"
तन्मयीनं टॅब उलटा ठेवला होता.
"उडेपर्यंत नाही कळणार," मी म्हटलं,
"आणि उडाल्यावर विचार कोण करतो."

मुबारक चहा पीत बसले.
म्हणाले, बापाच्या काळात एसी नव्हता.
थंडीच्या तोंडाला ससाणा धरायचा,
रात्र रात्र मनगटावर घेऊन जागायचं,
हिवाळाभर तिनं शिकार आणायची,
आणि मार्चमध्ये
वाळूच्या टेकाडावर जाऊन
सोडून द्यायचं.
"का?"
"उन्हाळ्यात काय घालणार तिला?
आम्हालाच नसायचं."
"मग पुढच्या वर्षी?"
"दुसरी."

तन्मयी शाळेतल्या अरबीत शब्द शोधत राहिली.
मग विचारलं,
"तुमचे बाबा रडायचे?"
मुबारक हसले, खोकला येईपर्यंत.
मग रिमालच्या पाठीवरून
बोटाची मागची बाजू फिरवत म्हणाले,
"तंबूत जाऊन भांडी घासायचा.
आमच्याकडे पुरुष भांडी घासत नाहीत."

दोघींची तिकिटं चौदा जूनची आहेत.
फी झेपत नाही, आणि नववीनंतर
इथून तिथे बसवणं अवघड जातं म्हणतात.
तन्मयीला माहीत आहे, आम्ही सांगितलेलं नाही.
चौथा भाग ती नेहमी
संपायला बारा मिनिटं असताना बंद करते.
पुढे काय होतं, ते तिच्या वर्गात सगळ्यांना माहीत आहे.

आज तिनं बंद केला नाही.
हॉलमधून वाऱ्याचा आवाज येत होता,
मोठ्या पंखांचा, लांब जाणारा,
मग नुसतं संगीत, मग तेही नाही.
"बाबा, संपलं," ती म्हणाली.
मी आत ओट्यापाशी होतो.
तीन ताटं आणि एक कढई.
नळ चालू ठेवून
कढईची खालची बाजू घासत होतो,
जी कधीच निघत नाही.